एकमेकांसाठी बघितलेले खून

डग्लस, कॉर्क
गुरुवार, ६ मार्च २०२५

सलील,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, त्यावरून अर्थ काढत बसू नकोस. लिहायचं की नाही, या घोळात चहा गार झाला म्हणून सोडून दिलं.

पत्र बघून दचकला असशील. झालंय असं की ज्ञानदाच्या वर्गाने लेंट पाळायचं ठरवलं आहे. कालच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत प्रत्येकाने काहीतरी सोडायचं. आपला चातुर्मासाचा नेम असतो तसंच, फक्त कांदा-लसणाच्या जागी इथे चॉकलेट. बाकीच्या मुलींनी चॉकलेट सोडलं, क्रिस्प्स सोडले. आपल्या कन्येने टीव्ही सोडला, आणि तोही स्वतःपुरता नाही, अख्ख्या घराचा. मोबाईलवरही काही बघायचं नाही, व्हिडिओ कॉल नाही. तिने कागद लिहून आणला, माझी सही घेतली आणि तुला फोन करून विचारलं. तू एका सेकंदात 'चालेल' म्हणालास.

म्हणालास खरा, पण आपलं काय होणार याचा विचार केलास का? सप्टेंबरात तू आयर्लंडच्या पार दुसऱ्या टोकाला, स्लायगोच्या हॉस्पिटलात मशिनं सांभाळायला गेलास, तेव्हापासून आपला संसार म्हणजे संध्याकाळी आठ ते साडेनऊ. फोन स्पीकरवर ठेवायचा, 'तीन, दोन, एक' म्हणायचं आणि दोन्ही घरांत एकच मालिका एकाच क्षणी चालू करायची. मधेच तू म्हणणार, खुनी हाच. मी म्हणणार, छे, तो तर बिचारा भाऊ. संपलं की गुड नाइट. काल आठ वाजले आणि टीव्हीच नाही तर फोन कशासाठी करायचा, हेच मला कळेना. तूही केला नाहीस. शेवटी डिशवॉशर असताना मी हाताने भांडी घासली.

टीव्हीवर तिने तुझी जुनी शाल पांघरली आहे आणि रिमोट हॉट प्रेसमध्ये टॉवेलांच्या मागे ठेवला आहे. आठवतं ना, आपण पहिल्यांदा हे घर बघायला आलो तेव्हा घरमालक 'हॉट प्रेस दाखवतो' म्हणाला, आणि तू खूश होऊन म्हणालास, वा, इस्त्रीची सोय आहे. त्याने गरम पाण्याच्या टाकीचं कपाट उघडून दाखवलं आणि आपण दोघं माना डोलवत राहिलो. त्या दिवशी घरी जाताना किती हसलो होतो.

तू मेसेजमध्ये विचारलंस म्हणून लिहिते: तिथल्या शाळेचं पत्र अजून आलेलं नाही. येत्या सप्टेंबरात ती सेकंडरीत जाणार, तोवर आम्ही दोघी तिकडे यायचं हे ठरलेलंच आहे. मग एवढी घाई कशाला करतोस?

वैदेही


शुक्रवार, १४ मार्च

सलील,

तुझं कार्ड मिळालं. 'टीव्हीशिवाय बरं चाललंय, रोज समुद्रावर फिरायला जातो.' दोन ओळी. स्लायगोत शाई महाग आहे वाटतं.

हे मी जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून लिहिते आहे. सकाळी औषधाची एक अख्खी बॅच रिजेक्ट केली. नोंदीत एका तापमानाचा मेळ बसेना. प्रॉडक्शनचा नरेश येऊन विनवण्या करून गेला, मॅडम, एवढ्याशासाठी? मी म्हटलं, एवढ्याशासाठीच मला इथे बसवलं आहे. नऊ वर्षं घासल्यावर मला ही खुर्ची मिळाली, 'नाही' म्हणायची. मी म्हणते आणि साडेतीनशे माणसं थांबतात. हे तुला का सांगते आहे, कोण जाणे.

खरी गंमत वेगळीच आहे. लेंटच्या आधीचा आठवडाभर ज्ञानदा म्हणे वहीत आपल्यावर नोंदी ठेवत होती. टेबलाशी गृहपाठाचं सोंग, आणि कान आपल्या फोनकडे. शाळेला द्यायचा आहे तो प्रोजेक्ट, 'आमच्या घरात काय बघायचं हे कोण ठरवतं?' काल तिने वही माझ्यापुढे ठेवली. सोमवारी आपण एकतीस मिनिटं शोधत होतो. मंगळवारी चव्वेचाळीस. बुधवारी एक तास तीन मिनिटं शोधलं आणि शेवटी काहीच न बघता फोन ठेवला. 'तू सांग' हे वाक्य मी एकोणीस वेळा म्हणाले, तू बावीस. आणि ज्या दिवशी लावलं त्या दिवशी शेवटी काय लावलं? खून.

मग बाईसाहेबांनी पेन सरसावून मला विचारलं, "आई, डू यू ॲक्च्युअली लाइक द मर्डर वन्स?"

सलील, मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण लेंटच्या दिवसांत पोरीशी खोटं बोलणं जिवावर आलं. मी म्हटलं, नाही गं. मला नाही आवडत. बर्फातली प्रेतं बघून मला झोप लागत नाही. मला ती लोकं जुनी घरं घेतात, भिंती खरवडतात, रंग लावतात, ते बघायला आवडतं. पण तुझ्या बाबाला खून लागतात, म्हणून मी बघते. तिने ते सगळं लिहून घेतलं.

तुझ्यावर आरोप नाही हां. इथे आलो तो पहिला हिवाळा, चार वाजता अंधार पडायचा आणि तू दिवसचे दिवस गप्प असायचास. एक दिवस तू तसली मालिका लावलीस, मला वाटलं, याला हे बरं वाटतंय. मी 'छान आहे' म्हणाले. तिथून सुरू झालं. रविवारी ती तुलाही फोन करून विचारणार आहे. खरं सांग.

शाळेचं अजून काही नाही. पोस्टाचा घोळ असेल.

वैदेही


गुरुवार, २० मार्च

प्रिय सलील,

ज्ञानदाने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "बाबा हेट्स देम टू." मी खुर्चीत बसले. तूही? तुलाही नको होते? तुला म्हणे मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यती बघायला आवडतात! अकरा वर्षांत मला हे माहीत नव्हतं. आणि तू म्हणालास, "तुझ्या आईला आवडतात म्हणून मी बघतो. पहिल्याच हिवाळ्यात 'छान आहे' म्हणाली होती."

अकरा वर्षं आपण दोघांनी खून बघितले. एकमेकांसाठी.

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते थांबेना. हसू थांबलं, पाणी थांबेना. ज्ञानदा घाबरली. मी तिला सांगितलं, काही नाही, तुझ्या वहीने कमाल केली. वहीत तिचा स्वतःचा रकाना रिकामा आहे. का म्हणून विचारलं तर म्हणाली, कोणी मला विचारलंच नाही, मी ग्रँड आहे, मजेत. गोड आहे पोरगी.

सोमवारी पॅट्रिक डेला तिच्या मैत्रिणीच्या आजीने सांगितलं की आज लेंटला सुट्टी, आज चालतं. ही धावत हॉट प्रेसमधून रिमोट आणायला वर गेली. बराच वेळ आलीच नाही. मग हात हलवत खाली आली आणि म्हणाली, मला नाही बघायचं, पाळायचं तर पूर्ण पाळायचं. मला इतकं कौतुक वाटलं.

आता मुद्द्याचं लिहिते, आणि धीर करून लिहिते. खुनांचं जर असं होतं, तर स्लायगोचंही तसंच असेल ना? तू गेलास ते मला तिकडे आवडेल म्हणून. मी कधीतरी म्हणाले असेन, समुद्राकाठी लहान गावात राहावं वाटतं. माणूस सुट्टीत काहीही बोलतो. आणि मी जाऊ दिलं ते तुला जायचं आहे असं समजून. सलील, तुलाही नको होतं ना? हो म्हण. एवढं लिही, आणि पुढच्या महिन्यात परत ये. तुझी जुनी कंपनी तुला उड्या मारत घेईल. वर 'प्रिय' लिहिलं आहे बघ.

तुझी,
वैदेही


स्लायगो
मंगळवार, २५ मार्च

वैदेही,

तुझं पत्र तीनदा वाचलं. हो म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

मला जायचं होतं. कॉर्कमध्ये आठशे माणसांत मी एक होतो. तिथे मी बनवलेली वस्तू कोणाच्या अंगाला लागते, हे मला कधी दिसलं नाही. इथे डायलिसिसचं मशीन बंद पडलं की वॉर्डमधून फोन येतो, मी जातो, पलंगावरचा म्हातारा विचारतो, "इज इट बॅड, सलील?" मी म्हणतो, अर्ध्या तासात ग्रँड होईल. आणि होतं. इथे मला बरं वाटतं. पहिल्या हिवाळ्यापासून मला जे वाटत होतं ते इथे आल्यावर गेलं. ते काय होतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही, ही माझी चूक.

पण मी तुला विचारलं होतं. तू चालेल म्हणालीस. मी त्या शब्दावर घर बघितलं, शाळेत अर्ज भरला. आता तू म्हणतेस की ते खरं नव्हतं. मालिकेचं मी हसण्यावारी नेईन, पण हे कसं नेऊ?

शाळेत काल फोन केला होता. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, पत्र फेब्रुवारीतच पाठवलं आहे. उत्तराची शेवटची तारीख शुक्रवार, ४ एप्रिल, दुपारी चार. जागा एकच आहे आणि मागे रांग आहे. दोन्ही पालकांच्या सह्या लागतात.

पत्र कुठे आहे, वैदेही?

सलील


रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

सलील,

पाडव्याच्या दिवशी भांडू नये म्हणतात. वर्षभर भांडण होतं म्हणे. होऊ दे. अकरा वर्षं झालं नाही, त्याची भरपाई होईल.

पत्र २७ फेब्रुवारीला आलं. त्या दिवसापासून हॉट प्रेसमध्ये आहे, चादरींच्या तळाशी. मी तुला दोनदा लिहून खोटं सांगितलं. पोस्टाच्या माथी मारलं. घे, आता कागदावर आहे, सांभाळून ठेव.

पण तू 'विचारलं होतं' म्हणतोस ना, कसं विचारलंस ते आठव. गेल्या जुलैत सोफ्यावर. भाग संपला होता, पडद्यावर आकडे उलटे चालले होते, पुढचा भाग आठ सेकंदांत. तू पडद्याकडे बघत म्हणालास, "स्लायगोची ऑफर आली आहे. घेऊ? चालेल?" मी म्हणाले, "चालेल." तेवढ्यात पुढचा भाग सुरू झाला. आठ सेकंद, सलील! मी एक बॅच पास करायला चार दिवस घेते. आणि तू रिमोट उचलून थांबवलंसुद्धा नाहीस.

मीही नाही थांबवलं. तेही लिहिते, नाहीतर तू लिहिशील. आपल्या मराठीतला हा शब्दच महा लबाड आहे. पोह्यांवर खोबरं घालू? चालेल. तुझ्या आईला सहा महिने बोलावू? चालेल. त्यात हवं आहे की नको आहे, हे म्हणणाऱ्यालाच ठाऊक. मला तर पुष्कळदा तेही ठाऊक नसतं. घरी आईने शिकवलं होतं, नवऱ्याने विचारलं तरी पुष्कळ. मी ते इतकं गिरवलं की तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाण्यात मला मोठेपणा वाटायला लागला. इकडे कामावर साडेतीनशे माणसांना नाही म्हणते आणि घरी एका माणसाला म्हणता येत नाही.

तर आता म्हणते. मला स्लायगोला यायचं नाही. जुलैतही नव्हतं. तिकडेही कंपन्या आहेत, हे तू सांगशील. आहेत. पण तिथे मी पुन्हा पहिल्या पायरीवर, कोणाच्या तरी हाताखाली. मला माझी खुर्ची आवडते. हे वाक्य लिहायला लाज वाटते आहे, तरी खोडणार नाही.

तू तिथे सुखी आहेस, हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. राग आला, आणि भीती वाटली. त्या पहिल्या हिवाळ्यात तुला काय होत होतं, हे मी तुझ्या शेजारी बसून बघितलं नाही, टीव्ही बघितला. त्याबद्दल मला माफ कर. पण म्हणून मी येणार नाही.

शुक्रवारी चार वाजतील आणि तारीख उलटेल. मी सही करणार नाही. उलटू दे.

वैदेही


बुधवार, २ एप्रिल

सलील,

हे पत्र एक्सप्रेसने टाकते आहे, उद्या दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल. आधी सगळं वाच, मग फोन कर.

काल कामावरून आल्यावर मी हॉट प्रेस उघडला. ते पत्र फाडून टाकायचं, असं ठरवूनच वर गेले होते. म्हणजे शुक्रवारची वाट बघायला नको. चादरी काढल्या, टॉवेल काढले, सगळं जमिनीवर आलं. पत्र नव्हतं. मी वेड्यासारखी टाकीच्या मागे हात घालत होते, तेवढ्यात दारात ज्ञानदा. युनिफॉर्ममध्येच होती.

"इट्स इन माय बॅग," म्हणाली.

पॅट्रिक डेलाच सापडलं होतं तिला, रिमोट काढताना. सोळा दिवस दप्तरात. आणि मी तिच्या निग्रहाचं कौतुक करत होते! माझ्या तोंडून काय निघालं असेल? "चादरींत हात घालायचं तुला काय कारण?" चोर ती नव्हती, तरी मी तिच्यावरच ओरडले. तिने दप्तरातून पाकीट काढून दिलं. फॉर्ममध्ये विद्यार्थ्याने भरायचं एक पान आहे, ते तिने भरून ठेवलं होतं, सुवाच्य अक्षरात.

मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? ती म्हणाली, "आय वॉज वेटिंग फॉर समवन टु आस्क मी."

सलील, तुझं न् माझं काय व्हायचं ते होवो, पण हे वाक्य आपल्या दोघांचं आहे. अर्धं तुझं, अर्धं माझं. आपण एकमेकांना 'तू सांग, तू सांग' म्हणत राहिलो, आणि आठ महिन्यांत तिला एकदाही विचारलं नाही.

मग मी विचारलं. खाली बसून, चादरींच्या ढिगावर. ती म्हणाली, "आय नो यू डोन्ट वॉन्ट टु गो, आई. बट आय डू."

मी म्हटलं, बाबा एकटा आहे म्हणून? बाबासाठी का? मला ते तपासायचंच होतं. बाबासाठी म्हणाली असती तर मी फॉर्म तिथेच फाडला असता. आणखी एक माणूस दुसऱ्यासाठी जगायला निघालेलं मला बघवलं नसतं. पण ती म्हणाली, "नो. फॉर मी." मग जी सुटली ती थांबेना. मिड-टर्मच्या सुट्टीत तू तिला स्ट्रँडहिलच्या समुद्रावर नेलंस, लाटेवर तरंगत्या फळीवर ती दोन सेकंद उभी राहिली, तिला पुन्हा उभं राहायचं आहे. त्या शाळेत मुलींची बोटींची टीम आहे. तिथे तू हसतोस, जोरात. तिथे तुम्ही दोघं क्रॅक करता, टिंगलटवाळी चालते. इथे आम्ही दोघी एकमेकींशी फार जपून वागतो, असं म्हणाली. बारा वर्षांची पोर. मी मान खाली घालून ऐकलं.

शेवटी तिने मला विचारलं, तू पण येशील? आणि मी उत्तर द्यायच्या आत म्हणाली, "यू डोन्ट हॅव टु."

येते म्हणायला एक क्षण पुरला असता. ओठांवर आलंच होतं. म्हटलं असतं, तर तुम्ही दोघं खूश झाला असतात, आईनेही म्हटलं असतं, शहाणी माझी मुलगी. आणि मग पुढची दहा वर्षं मी त्या गावात तुमच्या सुखाची राखण करत, मनातल्या मनात हिशेब मांडत बसले असते. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे चोरून बघत राहिला असतात. मला ते घर ओळखीचं आहे. मी म्हटलं, नाही गं. मी इथेच राहणार.

ती रडली. मीही रडले. तिने विचार बदलला नाही, आणि मीही नाही. ही मुलगी तुझ्यावर गेली आहे की माझ्यावर, ते आता ठरवता येत नाही. नंतर आम्ही मिळून चादरींच्या घड्या घातल्या.

आपलं काय, असं तू विचारशील. मला माहीत नाही. मी तुला सोडलेलं नाही. तू मला सोडलं आहेस की नाही, ते मला नीट लिहून कळव, कार्डावर दोन ओळींत नको. या आठ महिन्यांपेक्षा या महिनाभरात तुझ्याशी जास्त बोलले. त्यातलं निम्मं तुला लागलं असेल. मलाही लागलं आहे. तू मला अजून हवा आहेस, एवढं मात्र मी कोणी न विचारता सांगते.

आता कामाचं. फॉर्म सोबत आहे. शुक्रवारी चारच्या आत शाळेत स्वतः नेऊन दे, पोस्टाच्या भरवशावर राहू नकोस. तुझी सही पान तीनवर, माझ्या सहीखाली. तिच्या लसींचा कागद मागे टाचला आहे. जून संपला की मी तिला घेऊन येईन, चार दिवस राहीन, तिची खोली लावून देईन आणि परत जाईन. तिच्या खोलीची खिडकी समुद्राकडची असली तर बघ.

पान चार मी भरलं आहे, तुला काही करायचं नाही. तिथे 'विद्यार्थी ज्यांच्याबरोबर राहील ते पालक' असं लिहून खाली दोन ओळी दिल्या आहेत. पहिल्या ओळीवर तुझं नाव लिहिलं. दुसरी ओळ नुसती कोरी ठेवू नये, मागाहून कोणीही काहीही भरतं. आमच्या कंपनीत अशा जागेवर आडवी रेघ मारतात आणि शेजारी सही, तारीख घालतात. तशी घातली आहे.

वैदेही